डोव्हरमार्गे थेट आयात की ब्रिटनमधल्याच घाऊक व्यापाऱ्याकडून?

३० एप्रिल २०२४ पासून ब्रिटनचं डोव्हर बंदर आणि युरोटनेल (समुद्राखालचा रेल्वे बोगदा) यामार्गे युरोपातून येणाऱ्या मध्यम जोखमीच्या चीज-मांसावर दर कमोडिटी लाइनला (म्हणजे कागदपत्रात वेगळ्या नोंदलेल्या प्रत्येक मालप्रकाराला) २९ पौंड, एका खेपेला कमाल १४५ पौंड शुल्क लागू झालं. तपासणी होवो न होवो, बिल येणारच.

थेट मागवताना छोट्या दुकानाचं गणित इथेच बिघडतं. पाच लाइन, प्रत्येकी ५ किलो, म्हणजे किलोमागे ५.८० पौंड. तोच माल ५०० किलो असेल तर जेमतेम २९ पेन्स. शिवाय पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्राचा खर्च वेगळा. आणि सामायिक ट्रकमध्ये दुसऱ्याच्या कागदात चूक निघाली तरी तुमचं चीज अडकतं.

घाऊकवाल्याचा नफा द्यावा लागतो, निवडही मोजकीच. तरी २५ किलोसाठी तोच परवडतो. थेट मागवायचंच असेल तर प्रकार कमी करा, वजन वाढवा.