मुक्त ऑनलाइन ज्ञानकोश: वाचायला उत्तम, चूक दुरुस्त करायला गेलात तर दमछाक

प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवण्याचं काम मी १८ वर्षं करतेय. सगळ्यांनी मिळून लिहायचा हा ज्ञानकोश रोज वाचते आणि अधूनमधून त्यात संपादनंही करते. वाचक म्हणून माझी तक्रार नाही. फुकट आहे, शोध झटकन लागतो, आणि प्रत्येक बदलाचा इतिहास उघडून बघता येतो. ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते.

अडचण सुरू होते ती तुम्हाला एखादा विषय खरोखर येत असला की.

काचेवरच्या एका लेखात वाक्य होतं: बोरोसिलिकेट काच (प्रयोगशाळेतली, उष्णता सोसणारी) आणि साधी सोडा-लाइम काच वितळवून थेट जोडता येतात. नाही जोडता येत. साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. ज्योतीवर जोड छान बसलेला दिसतो, पण गार होताना 'टच्' असा बारीक आवाज येतो आणि जोडाच्या कडेने तडा पळतो. जोडायच्याच असतील तर मधे टप्प्याटप्प्याने प्रसरण बदलत नेणाऱ्या काचांचे तुकडे घालावे लागतात. शिकाऊ असताना मी स्वतः असे जोड फोडलेत.

मी वाक्य काढलं आणि कारण लिहिलं. दोन मिनिटांत ते परत आलं, शेरा: 'संदर्भाशिवाय मजकूर काढला.' मग उत्पादकाचं माहितीपत्रक दिलं. तो म्हणे प्राथमिक स्रोत, म्हणजे माल बनवणाऱ्यानेच लिहिलेला, चालत नाही. पाठ्यपुस्तकाचा पान क्रमांक दिला, तर ते ऑनलाइन दिसत नाही म्हणून बाजूला. समोर दोघं आलटून पालटून वाक्य परत आणत होते आणि मी एकटी. २४ तासांत चौथ्यांदा काढल्यावर बंदी माझ्यावर आली, कारण तीनची मर्यादा मी ओलांडली होती. नियमाप्रमाणे ती बरोबरच. पण एवढ्या वेळात काचेबद्दल मला एकानेही एक प्रश्न विचारला नाही.

बंदीच्या दिवशी मी इतिहास चाळला. त्या चुकीच्या वाक्याला संदर्भ होता एका बातमीचा. वाक्य लेखात आलं त्यानंतर वर्षभराने ती बातमी छापून आली होती, जवळजवळ त्याच शब्दांत. म्हणजे बातमीदाराने कोशातून उचललं आणि कोशाने बातमीचा दाखला घेतला!

संदर्भाचा आग्रह का आहे हे मला पटतं. २००७ मध्ये विकिपीडियावरचा एक वजनदार संपादक स्वतःला प्राध्यापक म्हणवत होता, ते खोटं निघालं. 'मला येतं' एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. सगळं तज्ज्ञांवर सोपवूनही भागत नाही: विकिपीडियाच्या आधी न्युपीडिया होता, त्यात लेखाला तज्ज्ञांच्या तपासणीचे सात टप्पे पार करावे लागत, आणि सगळ्या काळात पंचवीसच्या आसपास लेखच पूर्ण झाले. पण नियमाकडे बघताना विषय नजरेआड होतो तेव्हा काय घडतं, तेही दिसलंय. डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये विकिपीडियावर पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

माझी मागणी छोटी आहे. कुणी कारण देऊन मजकूर काढला, तर परत आणणाऱ्याने आधी चर्चापानावर निदान एक प्रश्न विचारावा. आणि दाखल्याची तारीख वाक्याच्या तारखेशी ताडून पाहावी. पाच मिनिटांचं काम आहे.

वाचकांना सांगेन, जरूर वापरा. हाताने करायची गोष्ट असेल तर मात्र लेखाचा इतिहास आणि चर्चापान दोन्ही उघडा. काचेचं ते वाक्य आजही तिथेच आहे. ते वाचून एखादा विद्यार्थी चष्मा न लावता ज्योतीपुढे बसला, तर तडकलेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काल रात्री मी चर्चापानावर दोन्ही तारखा आणि पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो टाकलाय. अजून उत्तर नाही.