आरएक्स १०० की पाच गिअरांची १३५? तांबड्या मातीच्या ट्रॅकसाठी जुनी यामाहा निवडताना

यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तिचीच मोठ्या इंजिनाची बहीण म्हणजे आरएक्स १३५; मातीच्या शर्यतीसाठी या दोघींतली कुठली घ्यावी, हा इथला प्रश्न. तेव्हापासून चांगली राहिलेली प्रत्येक गाडी महागच होत गेली. मूळ रंगातली, कागदपत्रांसकट मिळाली तर ती शर्यतीसाठी कापू नये असं मनापासून वाटतं. म्हणून इथे धरल्या आहेत त्या थकलेल्या, रंग उडालेल्या, पण चौकट सरळ असलेल्या गाड्या. गोव्यात डिचोली, फोंडा, पेडणे या बाजूंना जुन्या गॅरेजांच्या मागे अशी एखादी अजून सापडते. आणि शर्यत म्हणजे सड्यावरचा (कातळाच्या माळावरचा) किंवा भाटातला (माडांच्या बागेतला) छोटा मातीचा ट्रॅक, हौशी गट, कोरडे महिने.

शंभरचं इंजिन जास्त सोशिक, हे आधीच मान्य करायला हवं. बोर (सिलिंडरचा व्यास) ५० आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी, पिस्टन हलका, सिलिंडर लवकर थंड होतो. १३५ चा स्ट्रोक तेवढाच, बोर मात्र ५८. मोठा पिस्टन जास्त तापतो, आणि गाडी नीट गरम व्हायच्या आधी मूठ (अ‍ॅक्सिलरेटर) पिळली की पिस्टनवर चारही बाजूंनी उभे ओरखडे उठतात. १३५ ला सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं हलक्या मुठीवर ठेवायलाच हवं. बोर करताना (सिलिंडर कोरून मोठा करताना) पिस्टन आधी हातात घ्या, तो मोजून मग लेथवाल्याला माप द्या. शर्यतीसाठी पिस्टन आणि सिलिंडरमध्ये ०.०५ ते ०.०६ मिमी फट ठेवलेली बरी. रस्त्याच्या गाडीसारखी घट्ट ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पिस्टन धरतो. रिंगच्या टोकांमधली फट ०.२ ते ०.३ मिमी. दाब वाढवायला हेड (सिलिंडरचं झाकण) घासायचं तर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, निदान १३५ वर तरी. आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठोकाठोक) सुरू झालं की पिस्टनच्या कडेला वाळू मारल्यासारखे खड्डे दिसतात.

ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापाहून मोठ्या पिस्टनचा, हिशेबही आधीच करा. शेवटच्या १ मिमी ओव्हरसाइजला शंभरची गाडी १०२ सीसी होते, १३५ जाते १३७ च्या जवळ. गटाची सीसी मर्यादा नियमपत्रकात वाचल्याशिवाय बोर करू नये.

क्रँकच्या (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याच्या) बाबतीत दोन्ही सारख्याच, आणि गोव्यात दोन्हींचा शत्रू पाऊस. टू-स्ट्रोकच्या मेन बेअरिंगना ऑइल मिळतं ते फक्त पेट्रोलाबरोबर येईल तेवढंच. जून ते सप्टेंबर गाडी तशीच उभी राहिली की खारट दमट हवेत बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके धरतात आणि पहिल्याच शर्यतीत ती घरघरू लागतात. उभी करण्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, इथेनॉलवालं पेट्रोल ओल ओढतं. प्लग काढून १०-१५ मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल ओतावं, दहा-बारा किक माराव्यात, पिस्टन वर ठेवून सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबावं. विकत घेताना पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड वर-खाली हलवून पाहा. जरासाही खेळ असेल तर क्रँक उघडावाच लागणार. प्रेसवर पिन बदलून डायल गेजवर ०.०३ मिमीच्या आत आणणारा माणूस जवळ नसेल तर बेळगाव-कोल्हापूरची फेरी खर्चात धरा.

क्रँकचे सील दोन्ही बाजूंचे बदला, जुने कितीही चांगले दिसोत. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचा सील गेला की हवा आत शिरते, मूठ सोडली तरी इंजिन खाली बसत नाही, प्लग पांढरा पडतो आणि पिस्टन जातो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल जळतं, धूर पांढरट होतो. ऑइल पंप काढून, पेट्रोलातच ऑइल मिसळून चालवायची तर ५ लिटरला २०० मिली. पंपाची नळी जिथे आत येते ते भोक पक्कं बुजवा, तिथूनही हवा जाते. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, हवेत पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं, मग मेन जेटही (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) वाढवावा लागतो.

आपली तांबडी धूळ पिठासारखी असते. फोमचा फिल्टर दर शर्यतीनंतर रॉकेलमध्ये धुवावा, सुकवून ऑइल लावावं, आणि फिल्टरपेटीच्या जोडावर ग्रीसची रेघ ओढावी. पिस्टनच्या मागच्या, कार्ब्युरेटरकडच्या अंगावर राखाडी बारीक रेघा दिसल्या तर धूळ जोडातून येते आहे असं समजा.

इथवर तराजू जवळजवळ समान आहे, कदाचित शंभरकडे थोडा झुकलेलाच. माझ्यासाठी तो फिरला एका कटकटीमुळे: चार गिअरांच्या शंभरमधलं दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधलं अंतर. रस्त्यावर हे जाणवतही नाही. पण पोर्ट (सिलिंडरमधल्या वाटा) कोरून एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर) लावलं की ताकद आरपीएमच्या वरच्या अरुंद पट्ट्यात गोळा होते. वळणातून दुसऱ्यात बाहेर पडावं, सरळ भाग अर्धा व्हायच्या आत इंजिन संपतं. तिसरा टाकला की इंजिनाचे फेरे (आरपीएम) पट्ट्याखाली पडतात आणि गाडी बसते. मग स्वार क्लच अर्धवट दाबून फेरे सांभाळतो. काही फेऱ्यांत क्लच प्लेटी जळतात, वास येतो, आणि क्लचच्या बास्केटच्या (प्लेटी बसतात त्या वाटीच्या) बोटांवर खाचा पडून क्लच अडकू लागतो. स्प्रॉकेटने हे सुटत नाही. पुढचा एक दात कमी केला (मागचे साधारण तीन वाढवल्यासारखं), तर अडचण फक्त एका वळणावरून दुसऱ्या वळणावर सरकते. पाच गिअरांच्या १३५ मध्ये पायऱ्या जवळजवळ आहेत, आणि मोठ्या बोरमुळे खालचा जोरही जास्त. क्लचला हात न लावता वळणातून निघता येतं. बाकी सारखं असताना मला एवढं पुरेसं वाटतं. तुमच्या ट्रॅकवर लांब सरळ भाग आणि दोनच वळणं असतील तर कदाचित वेगळं वाटेल.

घेताना मात्र गिअर मोजूनच घ्या, कारण १३५ मध्येही चार गिअरांची गाडी आली होती. नंतरच्या १३५ च्या सायलेन्सरात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारी जाळी) असतो. तो बदलल्यावर जुन्या जेटवर पूर्ण मूठ देऊ नका, आधी प्लगचा रंग चॉकलेटी येईपर्यंत मेन जेट वाढवत जा. रीडच्या (कार्ब्युरेटरमागच्या एकतर्फी झडपेच्या) पट्ट्या उजेडात धरून पाहा, कोपरा तुटला असेल तर जेट बदलून काहीही जुळणार नाही.

आणि दाराशी आधीच थकलेली शंभर उभी असेल तर ती विकून १३५ शोधायची घाई नको. पोर्ट कोरू नका, फक्त कडा साफ करा. मूळ सायलेन्सर ठेवा, मागचे दोन दात वाढवा, क्लचच्या स्प्रिंगा नव्या घाला. पट्टा रुंद राहिला की चार गिअरही पुरतात. १३५ चं इंजिन त्याच चौकटीत पुढच्या मोसमातही बसवता येईल.