सडा, वरकस की मळा? कलमांसाठी जमीन घेण्याआधी खड्ड्यात उतरून बघा

कोकणात हापूसची कलमं लावायला जमीन बघणारा माणूस आधी रस्ता बघतो, मग समुद्र दिसतो का ते, मग सातबारा. मातीची वेळ येईपर्यंत इसार देऊन झालेला असतो. आणि माती बघितली तरी वरवरची. वरून सगळं लालच दिसतं. खरं तर एकाच वाडीच्या हद्दीत, सड्यावरून वहाळाकडे चालत गेलं की जमिनीच्या तीन अगदी वेगळ्या जाती लागतात (माथ्यावरचं कातळाचं पठार म्हणजे सडा, उतार म्हणजे वरकस, खालची भातजमीन म्हणजे मळा), आणि त्यांच्यातला फरक रंगात कमी, खालच्या थरांत जास्त असतो.

हे थर एकदा नीट ओळखायचे तर आधी जवळच्या चिरेखाणीवर जा. उभ्या कापलेल्या भिंतीत सगळं उघडं असतं. वर बोटभर ते वीतभर काळपट माती आणि गवताची मुळं. त्याखाली जांभळट काळं, टणक कवच, ज्यावर पहार आपटली की खणखणते. मग चिऱ्यांचा थर: भोकाभोकांचा लाल दगड म्हणजेच जांभा, भोकांत पिवळी-पांढरी माती भरलेली. हा ताजा कापताना मऊ असतो आणि उघड्यावर सुकला की घट्ट होतो, म्हणून तर त्याचे चिरे निघतात. आणखी खाली लाल, पिवळ्या, पांढऱ्या डागांचा पट्टा, मग पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती. खाण खोल असेल किंवा शेजारी डोंगर कापून रस्ता काढलेला असेल तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटणारा कुजका खडक आणि शेवटी काळा पाषाण. रत्नागिरीत हा तळाचा पाषाण बेसॉल्ट, दक्षिण सिंधुदुर्गात मात्र बऱ्याच ठिकाणी त्याहून जुने खडक.

याला कारण पाऊस. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी लाखो वर्षं खडकातून झिरपत गेलं. चुना, पोटॅश, मॅग्नेशियम आणि सिलिकाही धुऊन घेऊन गेलं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून ही माती आम्लधर्मी, आणि घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) हेच लोह-ॲल्युमिनियम धरून ठेवतात, झाडाला मिळू देत नाहीत. तिन्ही जमिनींचं मूळ हे. फरक एवढाच की यातला कुठला थर तुमच्या वाट्याला वर आला आहे.

मृदाशास्त्रात थरांना अक्षरं आहेत. वरची सेंद्रिय अंश मिसळलेली माती ‘ए’, तिच्याखाली चिकणमाती आणि लोह साठलेला थर ‘बी’, अर्धवट कुजलेला खडक ‘सी’ आणि अखंड खडक ‘आर’. जमीन विकत घेणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सडा म्हणजे ‘ए’ची पातळ साय आणि लगेच कवच. ‘बी’ नाहीच. वर्गीकरणात अशी जमीन ‘एंटिसॉल’ म्हणजे थर न घडलेल्या मातीत बसते. सातबाऱ्यावर बहुतेक पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक अशी नोंद, त्यामुळे दर कमी, आणि तिथेच माणूस फसतो. ‘देवगडात कातळावरच हापूस होतो ना?’ होतो. पण तिथे कातळ फोडून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली, वर्षानुवर्षं पाणी वाहिलं. हिशेब करा: १० बाय १० मीटरवर एकरी ४० कलमं, खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, म्हणजे ४० घनमीटर माती, साधारण १४ ब्रास. कातळ फोडण्याचा खर्च वेगळा. (आणि ती माती कुणाच्या तरी उतारावरून खरवडून येते, हेही विसरू नका.)

सडा घ्यायचाच असेल तर प्रश्न कवच किती जाड याचा नाही, ते फुटलेलं आहे का याचा आहे. भेगांतून मुळं खालच्या भोकाभोकांच्या जांभ्यात उतरली तर झाड तग धरतं, आणि मोसमानंतर ओल झटकन ओसरते ती मोहोराच्या पथ्यावरही पडते. कवच अखंड असेल तर खड्डा म्हणजे टाकी. जुलैत पाणी भरणार, कलमाची मुळं कुजणार. एक खड्डा फोडून त्यात पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तो तुकडा सोडा. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, पावसाळ्यात फुलांचे गालिचे असतात. जेसीबी लावण्याआधी तेवढं तरी पायाखाली बघा.

वरकस म्हणजे उताराची जमीन, पूर्वी नाचणी-वरीची. माझ्या मते नव्या माणसानं इथेच वेळ घालवावा, कारण चांगली वरकस आणि वाईट वरकस यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं सडा आणि मळ्यातही नाही. चांगल्या तुकड्यात वर वीतभर तपकिरी, भुसभुशीत ‘ए’. खाली मीटरभर किंवा जास्त लालसर, चिकट ‘बी’. मग जांभ्याचे खडे किंवा कुजका खडक. ‘बी’मधलं ढेकूळ हातानं फोडा आणि ताजा पृष्ठभाग उन्हात तिरपा धरा. त्यावर मेण चोपडल्यासारखी पातळ चकाकी दिसली तर वरची चिकणमाती पाण्याबरोबर उतरून इथे बसली आहे. ती नसेल, थर नुसते बनू लागले असतील, तर ‘इन्सेप्टिसॉल’. ती असेल तर ‘अल्फिसॉल’ किंवा ‘अल्टिसॉल’. यातलं कुठलं ते डोळ्यांनी कळत नाही, मातीच्या धारणक्षमतेपैकी चुना-मॅग्नेशियमसारख्या द्रव्यांनी भरलेला वाटा सुमारे ३५ टक्क्यांच्या वर की खाली यावर ठरतं. अल्टिसॉल म्हणजे द्रव्यं जास्त धुऊन गेलेली, भुकेली माती; खत आणि चुन्याचा खर्च कायम राहील असं समजा.

दलाल सांगतो, माती जितकी लालभडक तितकी कसदार. उलट आहे. जमिनीच्या वरच भडक लाल दिसत असेल तर ‘ए’ थर पावसानं केव्हाच वाहून नेला आणि तुम्ही उघडा पडलेला ‘बी’ बघताय. डागांचा थर वर आला असेल तर आणखी वाईट, कारण त्यातले लाल डाग ऊन-पावसात आलटून पालटून कायमचे दगड होतात. सुकलेला खडा रात्रभर पाण्यात ठेवा. विरघळून चिखल झाला तर साधी माती. आकार टिकला तर तो खडा दगड होण्याच्या वाटेवर आहे.

मळा, म्हणजे खालची भातजमीन, आंब्यासाठी नकोच. तिचे थर जागेवर घडलेले नसतात, उतारावरून वाहून आलेले असतात. हात-दीड हात खाली राखाडी माती आणि मुळांच्या नळ्यांभोवती गंजासारख्या रेषा दिसल्या की समजावं, पाणी साचून राहतं. भात घ्या, त्याच ओलीवर कुळीथ-पावटा घ्या, निचरा असलेल्या कडेला माड-पोफळी लावा. जमीन सोन्यासारखी, पण हापूससाठी नव्हे. पुळणीची, म्हणजे किनाऱ्याची, वाळू माडाला ठीक. भरतीचं पाणी शिरणाऱ्या खारवट खाजणाच्या वाटेला जाऊच नये.

खड्डे तीन घ्या: वर, मध्ये, खाली. जेसीबीच्या दातांनी भिंत लिंपली जाते आणि थर पुसले जातात, म्हणून एक बाजू कुदळीनं तासून घ्या, पाणी शिंपडून रंग बघा, टेप लावून फोटो काढा. जुनी मुळं कुठपर्यंत उतरली आहेत ते बघा. तुमच्या कलमाची मुळंही तिथपर्यंतच जाणार. प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत तपासणीला द्या, एकत्र करू नका.

निवड करायची झाली तर: मीटरभर ‘बी’ असलेली वरकस सड्याच्या दुप्पट दरानं मिळत असेल तरी ती घ्या, मातीचा खर्च वाचतो. अर्धा-पाऊण मीटरच असेल तर हापूसचा हट्ट सोडून काजू लावा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती अशा जमिनीवर चालतात. पैसा, पाण्याची सोय आणि फुटका कातळ, तिन्ही असेल तरच सडा. मालक खड्डा खणू देत नसेल तर शेजारची न बांधलेली विहीर गाठा आणि सकाळच्या उन्हात तिची आतली भिंत बघा. वरकस असो की सडा, पहिले दोन मीटर तिथे स्पष्ट दिसतात.