भडक केशरी स्विम शर्ट, सात पोरी आणि सारखी मोजणारी मावशी

आधीच सांगून टाकते, हा शर्ट दिसायला भयंकर आहे. ऑर्डर करताना फोटोत नुसता केशरी दिसतो, पण पार्सल फोडलं तेव्हा खोलीत कोणीतरी ट्यूबलाइट लावल्यासारखं झालं आणि माझी भाची म्हणाली, "मावशी, हे आम्ही घालायचं? आम्ही काय ट्रॅफिक कोन आहोत का?" तरीसुद्धा मी पाचपैकी चार स्टार देतेय आणि जो एक कापलाय तो रंगासाठी नाही, चेनसाठी कापलाय. त्यावर येतेच.

तर झालं असं की भाचीच्या ग्रुपमधल्या सात जणी, वय १४ ते १६, चार दिवस समुद्रावर, आणि सोबत मोठं माणूस म्हणून मी आणि माझी मैत्रीण. हो म्हणताना मजा वाटली होती. नंतर रात्री झोप येईना, कारण या वयाच्या पोरी लहान मुलांसारख्या हात धरून ठेवता येत नाहीत आणि मोठ्या माणसांसारख्या सोडूनही देता येत नाहीत, त्यात समुद्र. मागे एकदा स्विमिंग पूलला हीच भाची फिकट निळा स्विमसूट घालून पाण्याखाली गेली आणि माझ्यापासून दोन-तीन हातांवर असूनही मला चार-पाच सेकंद दिसलीच नाही. ते चार-पाच सेकंद अजून लक्षात आहेत. पांढरा, फिकट निळा, राखाडी हे रंग पाण्यात विरघळल्यासारखे दिसेनासे होतात, आणि भडक केशरी, लिंबासारखा पिवळा, निऑन गुलाबी हे दिसत राहतात. म्हणून मग फुल बाह्यांचे, निऑन केशरी, पुढे अर्धी चेन असलेले स्विम शर्ट, एकदम नऊ मागवले.

नऊ का, पोरी तर सात. तर तीच खरी गंमत आहे. पोरींना पहिला संशय हा आला की मावशी आपल्याला झाकायला निघालीय. आणि त्यांचं काही चुकलं नाही, आत्तापर्यंत "जरा नीट कपडे घाल" हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की फुल बाह्या दिसल्या की तेच डोक्यात येणार. मी सरळ सांगितलं, खाली काय घालायचं ते घाला, बिकिनी घाला नाहीतर शॉर्ट्स घाला, किनाऱ्यावर शर्ट काढून बसा, मला काही पडलेलं नाही, पण पाण्यात पाय टाकायचा तर केशरी अंगात पाहिजे कारण मला तुम्हाला मोजायचंय. त्यावर त्यातली सगळ्यात वकील पोरगी म्हणाली, "मग तुम्ही दोघी पण घाला." घातले. माझ्या मैत्रिणीला केशरी अजिबात शोभत नाही, ती चार दिवस माझ्यावर रुसून होती, पण त्या क्षणापासून पोरींची कुरकुर बंद झाली. कोणी हा शर्ट ग्रुपसाठी घेणार असेल तर मोठ्यांसाठी पण घ्या, नाहीतर पैसे वाया.

आता कापड. लेबलवर यूपीएफ ५०+ लिहिलंय. हे सनस्क्रीनच्या एसपीएफसारखंच असेल असं मला वाटायचं, पण फरक आहे. एसपीएफ हा मुख्यतः त्वचा भाजण्याबद्दलचा आकडा, तर यूपीएफ हा कापडाचा, म्हणजे ५० असेल तर ऊन्हातल्या अतिनील किरणांचा फार तर पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत पोचतो, आणि त्यात यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार धरतात. (या यूपीएफचं पहिलं स्टँडर्ड १९९६ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आलं, तिथलं ऊन बघता बरोबरच आहे.) साधा पातळ पांढरा कॉटनचा टी-शर्ट याच्या जवळपास पण येत नाही, आणि तो ओला झाला की अजूनच कमी अडवतो. त्यामुळे "आम्ही आमचे टी-शर्ट घालूनच पाण्यात जातो ना" हा जो युक्तिवाद होतो तो तिथेच संपतो, शिवाय ओलं कॉटन अंगाला चिकटून जड होतं ते वेगळंच.

सनस्क्रीन मात्र सुटत नाही. चेहरा, मान, हाताचे पंजे, पाय, आणि पायाचा वरचा भाग, हा सगळे विसरतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत. सात जणींना सगळ्या अंगाला लावत बसायचं म्हणजे निम्मा दिवस त्यातच जातो, तर शर्टामुळे पाठ, खांदे आणि दंड हे तीन मोठे भाग कमी झाले, हा माझ्यासाठी रंगाच्या खालोखाल मोठा फायदा. दुसऱ्या दिवशी एकीने ऐकलं नाही, पायाला लावलंच नाही, रात्री तिच्या मांड्या लालभडक आणि शर्टाच्या आतलं अंग एकदम नॉर्मल. तिसऱ्या दिवसापासून ती बाकीच्यांना लावत फिरत होती.

आता मोजणं. हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. सात पोरी पाण्यात असतात तेव्हा त्या कधीच एका जागी नसतात, दोघी लाटेखाली, एक मागे वळून ओरडतेय, एक केस बांधतेय, आणि ओली डोकी लांबून सगळी सारखीच दिसतात. शर्टामुळे मी डोकी मोजणं सोडून दिलं आणि ठिपके मोजायला लागले. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात, श्वास, परत. मी आणि मैत्रीण, अर्धा-अर्धा तास पाळी लावली होती, जिची पाळी तिने फोन हातात घ्यायचा नाही, पुस्तक नाही, गप्पा नाही. कारण बुडणारं माणूस सिनेमात दाखवतात तसं हात हलवून "वाचवा वाचवा" करत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर ओरडणार कधी, हात पाणी खाली दाबत राहतात आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की मजेत उभी आहे. म्हणून आवाजाची वाट बघत बसणं बिनकामाचं, मोजतच राहावं लागतं.

पहिल्या दिवशी गंमत झाली, मोजले तर अकरा. परत मोजले, अकराच. कुठल्यातरी कॅम्पची मुलं केशरी टोप्या घालून आमच्यात घुसली होती. मग पोरींच्या पाठीवर काळ्या वॉटरप्रूफ टेपच्या फुल्या मारल्या. टेप दोन दिवस टिकली. कंपनीने पाठीवर काहीतरी मोठं डिझाइन दिलं असतं तर बरं झालं असतं, सध्या छातीवर एक नाण्याएवढा लोगो आहे, त्याचा उपयोग शून्य.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मोजले तर सहा.

परत मोजले. सहा. माझी मैत्रीण उठून उभी राहिली, मी शिट्टी काढली (शिट्टी घ्याच, गळ्यात अडकवायची, लाटांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही). ठरलेलं होतं की तीन वेळा शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाहेर यायचं, कारण विचारायचं नाही. सहा जणी बाहेर आल्या. सातवी आमच्या मागे, किनाऱ्यावरच, शर्ट काढून काळ्या टॉपमध्ये स्वतःचे फोटो काढत होती. म्हणजे तिने नियम मोडलाच नव्हता, किनाऱ्यावर शर्ट काढायला मीच परवानगी दिली होती, पण बाहेर आले हे सांगायचं असा नियम करायला मीच विसरले होते. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि बंद केलं. मग नवीन नियम, पाण्यातून बाहेर आलं की पहाऱ्यावर असेल तिच्या हाताला टाळी देऊन पुढे जायचं. एक सांगते, ती पोरगी आमच्यापासून दहा पावलांवर होती आणि तरी माझे पाय पुढचा तासभर थरथरत होते.

दोन गोष्टी शर्ट करत नाही त्या पण लिहिते, कारण खालच्या रिव्ह्यूंमध्ये कोणीतरी "मुलीला एकदम सेफ वाटतं" असं लिहिलंय आणि मला ते वाचून काळजी वाटली. हा शर्ट तरंगत नाही. लाइफ जॅकेटचं काम हा करत नाही, बोटीत बसाल तर जॅकेट वरून घालायचंच. आणि रिप करंटमध्ये, म्हणजे किनाऱ्यापासून आत समुद्रात खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत, हा काही करत नाही. समुद्रात जिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतो, तिथे पोरींना उतरावंसं वाटतं कारण लाटा नाहीत, आणि बऱ्याचदा तिथूनच पाणी आत ओढत असतं. आम्ही पहिल्या सकाळी सगळ्यांना किनाऱ्यावर बसवून हे दाखवलं. ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून पोहत दमायचं नाही, ती ओढ खाली नेत नाही, आत नेते, त्यामुळे तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यायचं. आणि लाल-पिवळा झेंडा असेल तर त्या दोन झेंड्यांच्या मध्येच, कारण लाइफगार्डची नजर तिथे असते. लाइफगार्डने स्वतःहून येऊन सांगितलं की तुमच्या पोरी लांबून ओळखू येतात, हा या शर्टाला मिळालेला सगळ्यात मोठा स्टार समजा.

रात्री याचा काही उपयोग नाही. निऑन म्हणजे रिफ्लेक्टिव्ह नव्हे, अंधार पडला की हा मळकट शर्ट होतो. किनाऱ्यावर रात्री फिरायला जायचं असेल तर टॉर्च घ्या आणि पाण्यात जाऊ देऊ नका, विषय संपला.

साइजबद्दल. चार्ट बरोबर आहे, पण पोरी बरोबर नाहीत. दोघींनी मुद्दाम एक साइज लहान सांगितला, फिटिंग छान दिसेल म्हणून. ताणलेल्या कापडाची वीण उघडते आणि ऊन जास्त आत येतं, म्हणजे यूपीएफचा मुद्दाच गेला, वर काखेत शिवण घासून लाल वळ उठले. उलट खूप ढगळ घेतला तर लाट आली की आत पाणी भरून फुगा होतो आणि पोहताना ओढ बसते. अंगाबरोबर पण ताण न पडता, असा घ्या. ओला शर्ट काढणं हा दोन माणसांचा कार्यक्रम आहे, एक जण हात वर करून उभी, दुसरी सोलतेय, आणि बाकीच्या पाच हसतायत.

मासिक पाळी चालू असलेल्या एकीला पाण्यात जायचंच नव्हतं, तिला कोणी का-कशाला विचारलं नाही. ती शर्ट घालून सावलीत बसली आणि आमच्यासोबत मोजायला लागली, आणि आमच्यापेक्षा भारी मोजत होती.

धुणं सोपं. संध्याकाळी साध्या पाण्यातून काढायचे, पिळायचे नाहीत, सावलीत टाकायचे, सकाळपर्यंत कोरडे. रोज उन्हात टाकले तर निऑन रंग लवकर उडतो, आणि तो उडाला तर शर्ट घेतला कशाला. कॉलरच्या आतली पांढरी पट्टी मात्र सनस्क्रीनने पिवळी-तांबूस पडली, ती नऊच्या नऊ शर्टांची पडली, धुऊन जात नाही. पांढरी पट्टी ठेवायची ही कल्पना कोणाची होती देव जाणे.

आता चेन. अर्धी चेन असल्यामुळे डोक्यातून काढायला सोपं जाईल हा विचार चांगला, पण दुसऱ्या दिवशी वाळू अडकून तीन शर्टांच्या चेन जाम, एकीची अर्ध्यात अडकली ती तशीच घालून फिरली. मी कंपनीला फोटो काढून पाठवले, बदलून द्या म्हटलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, फार नम्रपणे, की प्रॉडक्ट जास्त दिवस टिकावं यासाठी ते वाळूपासून दूर ठेवावं.