स्कीइंगसाठी ‘तापणारे बूट’ मागवण्याआधी: कोल्हापुरातील एक फसवणुकीचा अनुभव

कोल्हापुरातून गुलमर्ग, औली किंवा सोलंग खोऱ्यात स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांनी, आणि विशेषतः मुलांना तिकडे पाठवणाऱ्या पालकांनी, हे शेवटपर्यंत वाचावे अशी माझी विनंती आहे. आमचे वीस हजारांहून अधिक रुपये गेले, ते तर गेलेच. पण ज्या वस्तूच्या भरवशावर आम्ही एका तरुण मुलीला उणे तापमानात उभे केले, ती वस्तू मुळात त्या कामाची नव्हतीच आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक होते, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

माझ्या पुतणीचे गुलमर्गच्या प्राथमिक स्कीइंग प्रशिक्षणाचे नक्की झाले, तेव्हा पत्नी आणि मीही तिच्यासोबत जायचे ठरवले. स्कीइंगचे बूट तिथे भाड्याने मिळतात. ते कडक प्लास्टिकचे असतात, आत जाड अस्तराचा वेगळा मोजा असतो आणि बाहेरून बकल आवळून पाय घट्ट बसवावा लागतो. अशा बुटात पायाची बोटे लवकर गार पडतात, म्हणून आत पायाखाली घालायचा तापणारा पातळ थर, म्हणजे तापणारा तळवा, आणि पोटरीपाशी अडकवायची छोटी बॅटरी असा संच बाजारात मिळतो. वस्तू म्हणून ती खरी आहे. चांगल्या कंपन्यांचे असे संच परदेशात सर्रास वापरले जातात. आम्हाला फेसबुकवर जी जाहिरात दिसली तीत मात्र दावे फार मोठे होते: प्रत्येक पायाला ५००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचे माप) बॅटरी, ७ वॅटचा तळवा, सर्वांत वरच्या पातळीवर सलग १० तास उष्णता, तळव्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअस आणि उणे २० अंशांपर्यंत हमी. एका जोडीची किंमत ६,९०० रुपये होती आणि ‘सीझनपूर्व सवलत’ ऑक्टोबरअखेरपर्यंतच होती.

जाहिरातीतल्या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत आणि अतिशय अदबीने बोलला. स्वतःहून त्याने पुतणीचे वय विचारले, गुलमर्गच्या थंडीचे वर्णन केले आणि म्हणाला, “सर, मुलीचे पाय गार पडले तर मला रात्री बारा वाजता फोन करा, पैसे परत.” जीएसटीचे बिल मिळेल का, असे विचारल्यावर ‘पार्सलमध्येच असेल’ असे उत्तर मिळाले. आम्हा तिघांसाठी तीन जोड्यांचे पैसे यूपीआयने भरायचे होते. ते ज्या खात्यात गेले ते दुकानाच्या नावाचे नसून एका व्यक्तीच्या नावाचे होते. पार्सल वेळेत आले. आत बिल म्हणून एक साधा कागद होता, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. खोक्यावर आयातदाराचे नाव, उत्पादनाचा महिना, कमाल किरकोळ किंमत किंवा मूळ देश यांपैकी काहीही छापलेले नव्हते. पॅकबंद मालावर ही माहिती असणे कायद्याने बंधनकारक आहे.

या फसवणुकीची सारी रचना एका साध्या गोष्टीवर उभी आहे. परत करण्याची मुदत मिळाल्यापासून सात दिवसांची, सवलत ऑक्टोबरमध्ये, आणि बर्फ जानेवारीत. मधल्या काळात वस्तू तपासायची तर ती आपल्या हवेत. आम्ही संच चार्ज केला, बटण दाबले, लाल दिवा लागला आणि पाच मिनिटांत तळवा छान ऊबदार झाला. घरातल्या प्रत्येकाने हात लावून पाहिला. कोल्हापूरच्या दिवाळीतल्या हवेत कोणताही तापणारा तळवा ऊबदारच लागणार. तिथे त्याला पायाची उष्णता टिकवण्यासाठी काहीच झगडावे लागत नाही, त्यामुळे तो अर्धा तास चालणारा आहे की पाच तास, हे हाताला कळत नाही. चपलेचे चामडे बोटाने दाबून तिची जात सांगणारी माणसे आपल्या शहरात आहेत. पण चिकटवून बंद केलेल्या काळ्या डबीत काय आहे, हे बोटाने दाबून कुणालाही सांगता येणार नाही. विकणारा नेमके यावरच पोट भरतो. वस्तूचा दोष उघडा पडतो तो गुलमर्गला, समुद्रसपाटीपासून २६०० मीटरहून अधिक उंचीवर, आणि तोपर्यंत सात दिवसांची मुदत केव्हाच संपलेली असते.

गुलमर्गच्या पहिल्याच सकाळी पुतणीचे संच सर्वांत वरच्या पातळीवर चालू करून आम्ही तिला नवशिक्यांच्या उतारावर पाठवले. वारा होता, आदल्या रात्री ताजा बर्फ पडला होता. तास भरायच्या आतच दोन्ही दिवे विझले. तिला ते कळले नाही, कारण बॅटऱ्या पॅन्टच्या आत होत्या. तळवे चालू आहेत या समजुतीने ती उतारावर थांबून राहिली. बोटे दुखायची थांबली तेव्हा तिला वाटले की आता ऊब येऊ लागली. प्रत्यक्षात बोटे बधिर झाली होती. दुखणे थांबून बधिरपणा येणे हे थंडीच्या इजेचे धोक्याचे लक्षण आहे, हे तिच्या प्रशिक्षकाला माहीत होते. ती पाय आपटू लागली हे पाहून त्याने तिला ताबडतोब खाली आणले, बकल सोडली आणि बूट काढला. उजव्या पायाच्या दोन बोटांची टोके मेणासारखी पांढरी पडली होती. त्याने ती चोळली नाहीत, शेगडीजवळही नेली नाहीत. स्वतःच्या हातांत धरून बसला आणि नंतर कोमट पाण्याचे भांडे मागवले. थोड्या वेळाने रंग परत आला, तेव्हा ती वेदनेने रडली. डॉक्टरांनी पाहिले, कायमची इजा नव्हती. त्या प्रशिक्षकाचे आमच्यावर फार मोठे उपकार आहेत.

परत आल्यावर मी तिन्ही जोड्या घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याने आधी एक बॅटरी पूर्ण चार्ज करून यंत्रावर लावली आणि ती रिकामी होईपर्यंत मोजली. आकडा ११०० एमएएचच्या आसपास आला. तळवा सुरुवातीला जेमतेम ४ वॅट ओढत होता. मग त्याने पातळ पाते घालून डबी उघडली. आत बिस्किटाएवढा एक चपटा सेल होता आणि त्याच्या बाजूला गरम गोंदाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी होती. ५००० एमएएचचा चांगला सेल ७० ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे हाताला वजन लागावे म्हणून ही पट्टी घातलेली होती. सेलला जोडलेल्या दोन तारा थेट बटणाकडे जात होत्या. बॅटरी जास्त तापली किंवा शॉर्ट झाली तर प्रवाह तोडणारे सर्किट आत नव्हतेच. “सर, डबीवर लिवलंय तेवढं ह्यात बसतच न्हाई,” तो म्हणाला, “आन् पट्टी घातलीया म्हंजे करनाऱ्याला सगळं म्हाईत हाय.” त्याचे हे दुसरे वाक्य मला तक्रार लिहिताना सर्वांत उपयोगी पडले. सेल कमी क्षमतेचा निघणे ही एखाद्या वेळी चूक असू शकते. वजन भरायला घातलेली पट्टी ही चूक असू शकत नाही.

मग आम्ही खोक्यावरचाच हिशेब मांडला. ५००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट म्हणजे बॅटरीत साठणारी ऊर्जा साडेअठरा वॅट-तास. ७ वॅटने १० तास चालवायचे तर ७० वॅट-तास लागतात. म्हणजे छापलेला प्रत्येक आकडा खरा धरला, तरी संच वरच्या पातळीवर अडीच तासांच्या थोडा पुढे जाऊन बंद पडणार. त्यातच लिथियम बॅटरीची क्षमता थंडीत आणखी घटते. आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि व्होल्टेज लवकर खाली येते. चांगले उत्पादक म्हणूनच प्रत्येक पातळीचा कालावधी वेगवेगळा देतात आणि वरच्या पातळीचा आकडा नेहमीच लहान असतो. ६५ अंशांचा दावा तर ऐकूनच संशय यावा असा आहे. त्वचेला ४४ अंशांचा स्पर्श सलग सुमारे सहा तास राहिला तरी भाजू शकते, आणि तापमान जितके वर जाईल तितका हा वेळ झपाट्याने कमी होतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी असा कोणताही संच डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायात घालू नये. त्यांना भाजलेलेही कळत नाही आणि गारठलेलेही.

विक्रेत्याला मी मोजमापाचा अहवाल आणि उघडलेल्या डबीची छायाचित्रे पाठवली. अदबीची भाषा कायम होती. आधी ‘मुदत संपली’ असे उत्तर आले. मी ग्राहक आयोगाचे नाव काढताच ‘रिफंड मंजूर’ असा निरोप आला आणि पाठोपाठ एक क्यूआर कोड आला: “सर, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” हा दुसरा सापळा होता. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही; पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी नकार दिल्यावर क्रमांक बंद झाला, आणि काही आठवड्यांत फेसबुकवरचे त्याचे पानही नाहीसे झाले.

बँकेने सांगितले की व्यवहार आम्हीच पिन टाकून केलेला असल्याने तो थेट उलटवता येणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. क्यूआर कोडचा प्रकार सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवला. अशा प्रकारात पैसे गेले असतील तर तिथे जितक्या लवकर कळवाल तितके ते वाटेत गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. हे सारे हक्क खरे आहेत, पण ज्याचे नाव-पत्ताच नाही त्याच्यावर नोटीस बजावायची कशी, या प्रश्नापाशी आमची तक्रार आजही अडलेली आहे. म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि जीएसटी क्रमांक मागा आणि तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. त्या एका मिनिटाची किंमत मला आता नीट कळते आहे.

बॅटरीच्या बाबतीत आणखी एक खूण पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा लिथियम बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे आणि लेबलवर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. आमच्या डबीवर मानचिन्हासारखे दिसणारे चित्र होते, पण त्याखाली क्रमांक नव्हता.

वस्तू घरी आली की सात दिवसांच्या आत तिला थंडी दाखवा. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचे तुकडे भरा, तळवा आणि बॅटरी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून त्यात ठेवा, वरची पातळी लावा आणि दिवा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोबाइलवर चित्रित करा. हे अंगणात किंवा गच्चीवर, समोर बसूनच करा. शून्य अंशाला जो संच तास काढत नाही तो गुलमर्गला काय काढणार? चित्रफीत हाती असेल तर मुदतीत परत करताना वाद उरत नाही.

मुळात चांगला संच मिळाला तरी तो मदतनीस आहे, आधार नव्हे. गुलमर्गच्या उरलेल्या दिवसांत पुतणीने तापणाऱ्या तळव्यांविना स्कीइंग केले आणि तिचे पाय पुन्हा गारठले नाहीत. प्रशिक्षकाने तिचे बूट बदलून अर्ध्या मापाने मोठे दिले, दोन जाड मोज्यांऐवजी एकच पातळ लोकरी मोजा घालायला लावला, कारण दुहेरी मोज्यांनी पाय आवळला जाऊन रक्तच बोटांपर्यंत पोहोचत नाही. रांगेत उभे असताना बकल सैल करायची, उतरताना पुन्हा लावायची, आणि रात्री बुटाचे अस्तर बाहेर काढून वाळवायचे. घामाने ओले राहिलेले अस्तर दुसऱ्या सकाळी पाय गार पाडते. यातल्या कशालाच पैसे पडले नाहीत.

यंदा दसऱ्यानंतर तीच छायाचित्रे आणि तेच ‘१० तास’ वेगळ्या नावाच्या पानावर पुन्हा दिसू लागली आहेत. आपल्यापैकी कुणी तो संच आधीच घेतला असेल, तर तो रात्रभर चार्जिंगला लावू नका आणि विमानाने तर अजिबात नेऊ नका. आत संरक्षण सर्किट नाही. खोके, बिलाचा कागद, यूपीआयच्या व्यवहाराची पावती आणि विक्रेत्याशी झालेले संभाषण जपून ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करू नका, दाबू वा टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. छायाचित्र काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या आणि १९१५ वर तक्रार नोंदवताना ते छायाचित्र सोबत जोडा.