आईला छत्री, मला स्टिक

मी गोव्यात फोंड्याला औषधांच्या दुकानात काम करते आणि आई सत्तरी तालुक्यातल्या केरी गावच्या घरात एकटी राहते. वय 78. बोलते कोंकणी, पेपर आणि पोथी वाचते मराठी, टीव्हीही मराठीच बघते. गेल्या काही वर्षांत तिच्या एकाच टीव्हीला मी तीन वेगवेगळ्या गोष्टी जोडून पाहिल्या: महिन्याला पैसे भरायची डीटीएच, टीव्हीत खोचून फायबर नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक आणि दूरदर्शनची छत्री, म्हणजे डीडी फ्री डिश. घरात म्हातारं माणूस असेल आणि आपण नोकरीसाठी दुसऱ्या गावी असू, तर यातलं काय घ्यावं, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून लिहिते आहे.

डीटीएचबद्दल थोडक्यात सांगते. बाबा असतानाच ती घेतली होती. 1 फेब्रुवारी 2019 पासून नवे दर लागू झाले, तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे नुसते जोडणीचे झाले. पैशांच्या वाहिन्या त्यावर वेगळ्या. आमचा पॅक साधारण 370 पर्यंत जायचा. वर्षाचे साडेचार हजार, आणि आई बघायची मोजून पाच वाहिन्या. तेही चाललं असतं. पण दोनदा कंपनीने न विचारता पॅक बदलला आणि आईची रात्री आठची मालिका गेली. कस्टमर केअरला फोन लावला की हिंदी किंवा इंग्रजी निवडा. आई फोन हातात धरून बसायची, मग मला लावायची. रिचार्जची तारीख विसरायची ती माझीच चूक, पण टीव्ही बंद पडला की अपराधी आईला वाटायचं. ‘माझं काही चुकलं का गो?’ हे ती विचारायची तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

म्हणून मागच्या वर्षी वाड्यावर फायबर आलं तेव्हा मी उत्साहाने जोडणी घेतली. महिन्याला 499, जीएसटी धरून 589. साडेतीन हजारांची स्टिक आणली. माझा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, त्याने रविवारी जाऊन सगळं बसवलं.

पहिली अडचण घराची. आमचं घर चिऱ्यांचं, भिंती दीड हात जाड. राउटर वसरीत, म्हणजे ओसरीत, आणि टीव्ही मधल्या खोलीत. वाय-फायचा 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान खरा, पण तो चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडतच नाही. 2.4 वर टाकलं की पोचायचं, पण चित्र मध्येच थांबून गोल फिरायला लागायचं. शेवटी मुलाने माळ्यावरून वीस मीटर लॅन केबल ओढून स्टिकला अडॅप्टर लावला आणि प्रश्न मिटला. जुन्या घरात स्ट्रीमिंग घेणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे की महागडा राउटर घेण्याआधी वायर ओढा. आणखी एक: स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून देऊ नका. आमच्या टीव्हीच्या यूएसबीला तेवढा जोर नव्हता, दर थोड्या वेळाने स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. सोबत आलेला चार्जरच भिंतीला लावा.

हे जमल्यावर चित्र सुरेख आलं. एचडीत माणसांच्या चेहऱ्यावरचा घाम दिसत होता. मी खूश होते. आई खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर पोस्टरांच्या रांगाच रांगा आणि नावं बहुतेक इंग्रजीत. ती म्हणाली, ‘आतां हें कोण चालू करतलो?’

हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला, ते चुकलंच. तिला बटणं कळत नव्हती असं नाही, बाणाचं आणि मधलं बटण ती दोन दिवसांत शिकली. पण टीव्ही लावला की काहीतरी आधीच चाललेलं असतं आणि आपण त्यात जाऊन बसतो, ही तिची कित्येक वर्षांची सवय. देवळात कीर्तन सुरू असताना मागे जाऊन बसावं तसं. इथे मात्र पडदा गप्प, आणि ती सांगेपर्यंत गप्पच राहणार. रोज संध्याकाळी दिवा लावून, हातपाय धुऊन बसलेल्या बाईला आधी ‘काय बघायचं ते ठरव’ म्हणणं हे तिच्यासाठी कामच होतं. माइकचं बटण दाबून ती कोंकणीत बोलली, तर भलतंच गाणं लागलं. मराठीत बोलून बघ म्हटलं. जमलं, पण स्वतःच्या टीव्हीशी पाहुण्यासारखं बोलावं लागतं म्हणून ती संकोचायची.

दुसरी गोष्ट मला तिने सांगेपर्यंत सुचलीच नव्हती. एके रात्री साडेअकराला फोन आला. ‘आज ही मालिका संपतच नाही गो.’ भाग संपला की पुढचा भाग आपोआप सुरू होत होता आणि ती बिचारी संपण्याची वाट बघत जागी होती. टीव्हीवर मालिका संपली की ती उठायची, भांडी आवरायची, झोपायची. तो ‘संपण्याचा’ क्षण तिच्या रात्रीचं घड्याळ होता. शिवाय ती चार भाग पुढे गेली. शेजारची काकी दुसऱ्या दिवशी कालच्या भागाविषयी बोलायला आली, तेव्हा आईला गप्प बसावं लागलं. ‘मी सांगितलं तर तिची मजा जाईल,’ म्हणाली. दोघींच्या सकाळच्या गप्पांतला अर्धा तास असा गेला. आपोआप पुढे जाणं सेटिंगमध्ये बंद करता येतं, ते मी केलं. पण काकीच्या गप्पा त्यातून परत येत नाहीत.

तिसरी गोष्ट ओटीपीची. एका ॲपने मधेच लॉगआउट केलं. पुन्हा आत जायला ओटीपी लागतो, तो येतो माझ्या फोनवर, मी असते काउंटरवर गिऱ्हाइकाच्या औषधांत गुंतलेली, आणि केरीत मोबाइलचं नेटवर्क अंगणाच्या एका कोपऱ्यातच मिळतं. आई अंगणात उभी, टीव्ही आत, आकडे माझ्याकडे. दोन वेळा झालं आणि तिसऱ्या वेळी तिने मला कळवलंच नाही. तीन दिवस टीव्ही न लावता बसली होती.

गेल्या पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटलं. दुरुस्तीला सहा दिवस लागले. मुलगा तेव्हा तिथे होता, त्याने मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं. एचडी बघायला तासाला 3 जीबीपर्यंत लागतात आणि त्याच्या प्लॅनमध्ये दिवसाला दीड जीबी. अर्ध्या तासात संपलं.

तेव्हा मी वाळपईच्या बाजारात जाऊन डीडी फ्री डिश आणली. बॉक्स, छत्री, तिच्यापुढे बसणारा सिग्नल पकडणारा एलएनबी, वायर आणि बसवणावळ मिळून 1800 रुपये. त्यानंतर एक पैसाही नाही. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, म्हणजे वीस वर्षांहून जुनी आहे. माझ्याच डोक्यात ‘फुकट म्हणजे हलकं’ हा ग्रह होता, म्हणून मी कधी चौकशी केली नव्हती.

घेताना एक पाहा. काही वाहिन्या एमपीईजी-2 या चित्र पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने येतात, काही नव्या एमपीईजी-4 ने. स्वस्तातला जुना बॉक्स घेतला तर निम्म्या दिसणार नाहीत. दुकानदाराला एमपीईजी-4 चाच बॉक्स मागा. बसवणाऱ्या मुलाने छत्री आग्नेयेला वळवली, बरीच वर, जवळपास साठ अंशांवर. उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. आमच्याकडून तो तिथेच दिसणार. नेमका तिथे फणस. एक फांदी छाटावी लागली. तो मुलगा कामाचा होता. सिग्नलची पट्टी बघत बोटभर इकडे, बोटभर तिकडे, असं अर्धा तास चाललं, पण नंतर पुन्हा हात लावावा लागला नाही.

आईने रिमोट हातात घेतला, एक आकडा दाबला, माणूस बोलायला लागला. ती काहीच म्हणाली नाही, नुसती खुर्ची थोडी पुढे ओढली.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या सातच्या बातम्या तिला परत मिळाल्या. डीडी गोवाही 2019 पासून फ्री डिशवर आहे. भारताच्या महत्त्वाच्या मॅचही दिसतात, कारण 2007 च्या कायद्याने अशा सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. मराठीतल्या काही खासगी वाहिन्या आहेत, पण त्यांच्या जागा लिलावाने ठरतात, म्हणून आज आहे ती वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या वाहिन्यांच्या गाजणाऱ्या नव्या मालिका इथे नाहीत. बहुतेक वाहिन्या एसडीत, म्हणजे एचडीपेक्षा कमी बारकाव्याच्या चित्रात, म्हणून 43 इंची टीव्हीवर चित्र जरा मऊ दिसतं. मला ते खटकतं. आई सहा फुटांवर बसते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला फरक जाणवत नाही.

पाऊस हा खरा शत्रू. छत्री पकडते त्या केयू बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, आणि आमच्या राज्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चोर्ला घाटाच्या बाजूने काळं आलं की चित्राचे चौकोन होतात, मग पडदा निळा. पण सर पुढे गेली की दहा-पंधरा मिनिटांत आपोआप परत. ओटीपी नाही, फोन नाही. आईला त्याचं कारण डोळ्यांना दिसतं, म्हणून ती घाबरत नाही. ‘पाऊस आहे’ म्हणते आणि जपमाळ घेते. परतीच्या पावसात विजा असतात तेव्हा मात्र प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढायला मी तिला शिकवलं आहे.

एक प्रयोग आम्ही मुद्दाम केला. प्रसार भारतीचं वेव्ह्‌ज हे ॲप 20 नोव्हेंबर 2024 ला इथेच गोव्यात, ताळगावच्या स्टेडियमवर इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्‌घाटनात सुरू झालं. त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. मुलाने फोनवर त्यात सह्याद्री लावली, टीव्हीवर छत्रीची सह्याद्री. तीच निवेदिका, तेच वाक्य, पण फोनवर अर्ध्या मिनिटाने उशिरा. उपग्रह 36,000 किलोमीटरवर असूनही लहर वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. नेटवर मात्र व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात, ते साठवतात, मग दाखवतात, आणि प्रत्येक पायरीवर वेळ जातो. मॅचच्या रात्री मुलगा स्टिकवर बघत असताना कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पलीकडच्या घरातून आरडाओरडा का येतो आणि विकेट आमच्याकडे नंतर का पडते, हे त्याला तेव्हा समजलं. थेट सामना बघायचा असेल तर छत्रीच, यावर आमच्या घरात आता वाद नाही.

स्टिक मी काढली नाही. ती दुसऱ्या एचडीएमआयला आहे. मी शनिवारी जाते तेव्हा रात्री जुने सिनेमे लावते, मला हवे ते, हव्या त्या वेळी, मध्ये जाहिरात नाही. आठवडाभर उभी राहून कामं करणाऱ्या बाईला ते सुख मोठं आहे. एवढंच की आवडलेला एक सिनेमा परत बघायला गेले तर तो ॲपवरून निघून गेला होता. पैसे भरतो ते बघण्याचे, ठेवून घेण्याचे नाहीत.

ठेवून घेण्यावरून बाबांच्या कॅसेटी आठवल्या. जत्रेला गावचे लोक मराठी नाटक करायचे, बाबा त्यात काम करायचे, आणि 1994 चं नाटक कुणीतरी व्हीएचएसवर घेतलं होतं. कपाटात तीन कॅसेटी होत्या. आमच्या दमट हवेत दोन कॅसेटींच्या टेपेवर पांढरी बुरशी आली होती. साफ करूनही एक वाचली नाही. बाकीच्या दोन मुलाने उसन्या व्हीसीआरला एक छोटं कॅप्चर यंत्र जोडून संगणकात घेतल्या. जेवढ्या तासांची कॅसेट तेवढेच तास, यात घाई नाही. मोठी फाइल साडेपाच जीबीची झाली आणि पेन ड्राइव्हवर जाईना, कारण तो फॅट-32 पद्धतीने फॉर्मॅट केलेला होता आणि त्यात 4 जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. दुसऱ्या पद्धतीने फॉर्मॅट केला तर टीव्ही तो ओळखेना. शेवटी पहिला अंक आणि पुढचे अंक अशा दोन फाइली केल्या. तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील तर हा पावसाळा येण्याआधी करून घ्या, बुरशी थांबत नाही.

तो पेन ड्राइव्ह टीव्हीला मागे कायमचा लावलेला आहे. तिथे पोचायला सोर्सचं बटण आणि दोन बाण, हे आईने एकदाच विचारून घेतलं आणि विसरली नाही. बाबांचा प्रवेश पहिल्या फाइलमध्ये चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे येतो, तेही तिला पाठ आहे.

फायबर मी आता दर महिन्याला भरायचं की नाही, ते मुलाची परीक्षा झाल्यावर ठरवणार. छत्रीला खर्च नाहीच. फक्त फणसाची ती फांदी मे संपायच्या आत पुन्हा छाटून घ्यायची आहे. तिला नवी पालवी आली आहे, आईने काल फोनवर सांगितलं.