आरओ वॉटर प्युरिफायर, नऊ महिन्यांनंतर: खोक्यावरचे दावे आणि मोजलेले आकडे

मशीन आरओ (मेंब्रेन म्हणजे अतिबारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळणं), यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणं), कॉपर आणि मिनरल असं चारही नावांचं आहे, टाकी ८ लिटरची. घरात चार माणसं, पिण्या-स्वयंपाकाला रोज साधारण १२ लिटर पाणी. सोसायटी पुण्याच्या पूर्वेला, पाणी बोअर आणि टँकरचं मिळून, कच्च्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागे ६४० मिलिग्रॅम. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या किमतीतल्या जवळपास प्रत्येक मशीनला लागू आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. ज्यांच्या नळाला खडकवासल्याचं किंवा मुंबईत तानसा-भातसाचं पाणी येतं, त्यांना आरओची गरज नाही. ते पाणी मुळातच मऊ आहे. तिथे गाळ अडवणारी कँडल, क्लोरीन काढणारा कार्बन आणि यूव्ही किंवा यूएफ (जंतू अडवणारी, पण क्षार न अडवणारी बारीक गाळणी) एवढं पुरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० च्या आतल्या पाण्यावर आरओ वापरायला बंदी घालण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, ते याच कारणाने. तरीही डेमोवाला ९० टीडीएसच्या घरातही आरओच सुचवतो.

त्या डेमोबद्दल. नळाच्या आणि आरओच्या पाण्याचे दोन ग्लास ठेवतात, त्यात सळ्यांचं यंत्र बुडवून वीज सोडतात. नळाच्या ग्लासात मिनिटाभरात तपकिरी-हिरवट गाळ तयार होतो, आरओचा ग्लास स्वच्छ राहतो. हा गाळ पाण्यातला नसतो. एक सळई लोखंडाची असते, ती विजेने झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावा. तोही तसाच तपकिरी होतो. हे दाखवून वयस्कर माणसांना घाबरवणं ही सरळ फसवणूक आहे आणि ती थांबली पाहिजे.

आता मशीन. मेंब्रेनचं काम चांगलं आहे, हे आधी सांगतो. ६४० चं पाणी मेंब्रेनच्या नळीतून थेट घेतलं तर सुरुवातीला ४८ होतं, म्हणजे ९२ टक्क्यांहून जास्त क्षार अडले. नऊ महिन्यांनी ७४, म्हणजे ८८ टक्के. ही घट नेहमीची आहे. हे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की मेंब्रेन बदलावं. डाळ लवकर शिजते आणि पातेल्याला पांढरा थर धरत नाही, हा फरक पहिल्या आठवड्यातच कळतो.

पण तोटीतून येणारं पाणी ४८ चं नव्हतं, १३० चं होतं. खोक्यावर 'नैसर्गिक खनिजं जपणारं तंत्रज्ञान' असं छापलंय, त्याचा अर्थ इथे आहे. झाकण उघडलं की मेंब्रेनच्या बाजूला एक बारीक स्क्रू असलेला टी-आकाराचा व्हॉल्व्ह दिसतो. तो टीडीएस अॅडजस्टर. मेंब्रेन टाळून कार्बन आणि यूव्हीतून आलेलं पाणी तो शुद्ध पाण्यात मिसळतो. हिशोब सोपा आहे: ४८ आणि ६४० मिसळून १३० यायचे तर सुमारे १४ टक्के पाणी मेंब्रेनमधून गेलेलंच नसतं. म्हणजे ग्लासाचा सातवा हिस्सा. त्यात कॅल्शियम येतं तसं नायट्रेटही येतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या ज्या गावांत बोअरला फ्लोराइड आहे, तिथे ज्याच्यासाठी आरओ घेतला तेच थोडं थोडं परत येतं. अशा ठिकाणी हा स्क्रू पूर्ण बंद ठेवा. इथे तो फिरवून तोटीचा टीडीएस ९० वर आणून ठेवलाय. 'पन्नासच्या खालचं पाणी हाडं ठिसूळ करतं' असं सर्व्हिसवाला सांगेल. कॅल्शियम मुख्यतः दूध, नाचणी, भाजी यांतून मिळतं. त्यासाठी मेंब्रेन टाळून आलेलं पाणी वाढवू नका.

मिनरल कार्ट्रिज वेगळी असते. तिच्यातले चुनखडीसारखे खडे हळूहळू विरघळतात. नवी असताना टीडीएस १५-२० ने वाढला, पाचव्या महिन्यात वाढ मीटरवर दिसेनाशी झाली. कॉपरचंही तसंच. तांब्याचा अंश किती उतरतो हे माहितीपत्रकात कुठेच आकड्यात दिलेलं नाही, फक्त प्रतिकारशक्तीचा दावा आहे. या दोन नावांसाठी साध्या आरओपेक्षा तीन हजार जास्त मोजावे लागले, ते वाया गेले असं माझं स्पष्ट मत आहे.

वाया जाणारं पाणी हा सगळ्यात गंभीर मुद्दा. दावा 'पाण्याची ६० टक्क्यांपर्यंत बचत' असा आहे. कशाच्या तुलनेत, ते लिहिलेलं नाही. मोजायची रीत अशी: टाकी रिकामी करा, मशीन दहा मिनिटं चालू द्या, मग शुद्ध पाण्याची नळी एका मापात आणि रिजेक्टची, म्हणजे मेंब्रेनने बाहेर टाकलेल्या खारट पाण्याची, नळी बादलीत सोडा. १ लिटर शुद्ध व्हायला ५ मिनिटं ४० सेकंद लागली, तेवढ्यात बादलीत २.३ लिटर. म्हणजे हाती ३० टक्के, ७० टक्के बाहेर. लवादाने सांगितलेली अट याच्या उलटी होती: किमान ६० टक्के पाणी शुद्ध रूपात मिळालं पाहिजे. रोज १२ लिटर प्यायचे तर साडेसत्तावीस लिटर रिजेक्ट, वर्षाला दहा हजार लिटर. सोसायटीत येणारा एक टँकर तेवढाच असतो.

'ताशी १५ लिटर' हाही प्रयोगशाळेतला आकडा. वरच्या मोजणीत ताशी साडेदहा आले. डिसेंबरच्या सकाळी १ लिटरला साडेसात मिनिटं लागली, म्हणजे ताशी ८. पाणी गार झालं की मेंब्रेनमधून ते कमी झिरपतं, अंशागणिक साधारण ३ टक्क्यांनी. थंडीत वेग कमी झाला म्हणून कुणी मेंब्रेन बदलायला सांगितलं तर आधी टीडीएस तपासा. तो जागच्या जागी असेल तर मेंब्रेन ठीक आहे. आणि मोजताना पहिला ग्लास धरू नका. मशीन रात्रभर थांबलं की क्षार मेंब्रेनमधून पलीकडे उतरतात, म्हणून पहिलं पाणी नेहमी जास्त दाखवतं.

रिजेक्टचा टीडीएस इथे ८९० च्या आसपास आहे. लादी पुसायला, संडासात, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, मातीवर पांढरी पापडी धरते.

फिल्टर बदलायचा लाल दिवा सहाव्या महिन्यात लागला. पुस्तिकेत ६,००० लिटर लिहिलंय. तोवर प्यायलेलं पाणी २,२०० लिटरही नव्हतं. ६,००० लिटर कच्चं की शुद्ध, हे कंपनीने लिहिलेलंच नाही. कच्चं धरलं तर ७,००० च्या वर गेलं होतं, शुद्ध धरलं तर निम्मंही नाही. दिवा पाण्याची तपासणी करत नाही, फक्त घड्याळासारखा मोजतो. म्हणून कँडल स्वतः पाहावी. इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाना लावून हाउसिंग फिरवायचं, खाली थाळी धरायची. काढलेली गाळाची कँडल ब्लेडने आडवी कापली तर बाहेरचा अर्धा सेंटिमीटर विटकरी होता, आतली पोकळी अजून पांढरी. म्हणजे ती आणखी दोन-अडीच महिने चालली असती. मळ आतल्या पोकळीपर्यंत पोचला की बदलायची.

कार्बनचं मात्र असं डोळ्यांनी कळत नाही आणि तिथे कंजूषी नको. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतो, कार्बन संपला की तो थेट मेंब्रेनवर जातो आणि मेंब्रेन कायमचं खराब होतं. त्यामुळे कार्बन वेळेवरच बदलला. यूव्हीचंही तसंच: निळा उजेड दिसतो म्हणजे दिवा काम करतोय असं नाही. उजेड राहतो, जंतू मारण्याची ताकद कमी होते. शिवाय कार्बनने क्लोरीन काढल्यावर टाकीतल्या पाण्याला कसलंच संरक्षण उरत नाही, म्हणून टाकी दर तीन महिन्यांनी धुवा आणि गावाहून आल्यावर आधीचं सगळं पाणी ओतून द्या.

एक वर्षाच्या वॉरंटीत कँडल, कार्बन, मेंब्रेन धरलेले नाहीत. ही ओळ पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर आहे. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) दोन प्रकारची मिळते, पार्टसह आणि पार्टशिवाय. फोनवर फक्त 'एएमसी' म्हणतात, तेव्हा मेंब्रेन धरून का, हे लेखी घ्या. कबूल केलेलं नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. सर्व्हिसच्या पावतीवर प्रत्येक वेळी तीन आकडे लिहून सही घ्या: कच्च्या पाण्याचा टीडीएस, अॅडजस्टर बंद ठेवून मेंब्रेनचा टीडीएस आणि १ लिटरला लागलेला वेळ. काढलेला जुना पार्ट घरीच ठेवून घ्या.